तुटलेले कुलूप, नवे कुलूप

वाचकांचे प्रश्न

कायदा पाळण्याचे बंधन कोठून येते, या प्रश्नाला गेल्या अंकात उत्तर देताना मी शेवटी सविनय कायदेभंगाचा ओझरता उल्लेख केला होता आणि तो विषय पुढे कधीतरी घेऊ, असे म्हटले होते. वाचकांनी ‘पुढे कधीतरी’ची वाट पाहिलेली दिसत नाही. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे आणि एक दुरुस्ती येथे घेतली आहे. पहिल्या पत्राला बरीच जास्त जागा दिली आहे, कारण पत्रलेखकाने ते पोलीस ठाण्यातून परत आल्यावर लिहिले आहे आणि त्यांना उत्तराची खरोखर गरज आहे.

प्रश्न : आमची शेती परभणी जिल्ह्यात, कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. रब्बीच्या आवर्तनाचे, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या फेरीचे, वेळापत्रक कार्यालयानेच फलकावर लावले होते आणि त्यात आमच्या चारीला (शेतांकडे जाणाऱ्या लहान फाट्याला) सहा दिवसांची पाळी दाखवली होती. दोन आवर्तने गेली, पण आमच्याकडे थेंबही आला नाही. वरच्या अंगाला मोटारी लावून पाणी उचलले जाते, हे सर्वांना माहीत आहे. तीन निवेदने दिली. पोचपावत्या आमच्याकडे आहेत. चौथ्या निवेदनात आम्ही स्पष्ट लिहिले की अमुक तारखेला दुपारी बारा वाजता आम्ही चारीचे दार स्वतः उघडू. त्याप्रमाणे चाळीसेक जण गेलो, दाराच्या चाकाला लावलेले कुलूप तोडले, दोन तास दार उघडे ठेवले आणि दोन वाजता आम्हीच ते बंद केले. पाणी आमच्या शेतापर्यंत पोहोचलेदेखील नाही. तुटलेले कुलूप आणि बाजारातून आणलेले नवे कुलूप, दोन्ही किल्ल्यांसह, शाखा अभियंत्यांच्या टेबलावर ठेवून आलो. आता सात जणांवर गुन्हा दाखल झाला आहे. एक ओळखीचे वकील म्हणतात, ‘तुम्ही तेथे नव्हतातच असे सांगा, व्हिडिओत चेहरे नीट दिसत नाहीत.’ वडील म्हणतात, ‘खोटं बोलूनच पाणी आणायचं होतं तर रातीच आणलं असतं की!’ आम्ही केले ते नैतिकदृष्ट्या योग्य होते का, आणि आता काय करावे?

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर वडिलांच्या एका वाक्यात बरेचसे येऊन गेले आहे. तरीही क्रमाने जाऊ.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात सविनय कायदेभंगाची जी व्याख्या मांडली, तेथून आजही बहुतेक चर्चा सुरू होते. कायद्यात किंवा शासनाच्या धोरणात बदल व्हावा या हेतूने, उघडपणे, अहिंसेने आणि सदसद्विवेकाला स्मरून केलेली कायद्याविरुद्धची राजकीय कृती, अशी ती व्याख्या आहे. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक शब्दावर पुढच्या पन्नास वर्षांत वाद झाले. पण तिच्या मुळाशी असलेली कल्पना मला अजूनही पटते. कायदा मोडणारा माणूस येथे बहुसंख्य सहनागरिकांशी बोलत असतो. आपण सर्वांनी मिळून मान्य केलेल्या न्यायाच्या तत्त्वांचा भंग होत आहे, तेव्हा पुन्हा विचार करा, असे तो त्यांना सांगत असतो. म्हणून अशा कोणत्याही प्रकरणात मी प्रथम एवढेच पाहतो की हा माणूस आपल्याशी बोलतो आहे की आपल्याला टाळतो आहे.

वरच्या अंगाला मोटारी लावणारे शेतकरी आणि आपण, दोघांनीही कायदा मोडला. परंतु मोटार लावणाऱ्याला कोणी पाहू नये असे वाटत असते, आणि आपण तर तारीख आणि वेळ लेखी कळवली होती. नवे कुलूप आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवण्याची कल्पना आपल्यापैकी कोणाला सुचली हे मला ठाऊक नाही, पण रॉल्स ज्याला कायद्याविषयीची निष्ठा म्हणतात ती याहून स्पष्टपणे कशी दाखवता येईल, हे मला सांगता येणार नाही. दाराला कुलूप असावे, किल्ली कार्यालयाकडेच असावी, हा नियम आपल्याला मान्य आहे. तक्रार आहे ती किल्ली वापरण्याच्या पद्धतीबद्दल.

यातून एक जुना मुद्दा पुढे येतो. जो कायदा अन्याय्य वाटतो तोच मोडणे आणि दुसऱ्याच अन्यायाकडे लक्ष वेधण्यासाठी एखादा निर्दोष कायदा मोडणे, असे कायदेभंगाचे दोन प्रकार मानले जातात. १९३० साली दांडीला गांधीजींनी मीठ उचलले तेव्हा त्यांनी मिठाचाच कायदा मोडला. याउलट १८४६ साली अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो यांनी डोईपट्टी भरण्यास नकार दिला, तो त्या करात काही वाईट होते म्हणून नव्हे, तर गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला आपण पैसा का पुरवावा म्हणून. आपला कायदेभंग दुसऱ्या प्रकारचा आहे. कालव्याच्या दारांना हात लावू नये, हा नियम चांगलाच आहे. तो नसता तर टेलच्या शेतकऱ्याला दोनच काय, दहा आवर्तनांतही पाणी मिळाले नसते. चांगला नियम मोडणाऱ्यावर स्पष्टीकरणाची जबाबदारी अधिक पडते, आणि आपण दार दोनच तास उघडे ठेवून स्वतःच बंद केले म्हणूनच ती जबाबदारी आपल्याला पेलता आली.

पाणी शेतापर्यंत पोहोचले नाही, हे आपण काहीशा खंतीने लिहिले आहे. माझ्या मते आपल्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट तीच आहे. सहा दिवस दार उघडे ठेवून हरभरा भिजवला असता तर ती कृती कदाचित समर्थनीय ठरली असती, पण तिचे समर्थन वेगळ्या पायावर, म्हणजे पीक वाळत असतानाची निकड आणि हक्काचे पाणी या पायावर, करावे लागले असते. मग प्रश्न आला असता की त्या सहा दिवसांचे पाणी नेमके कोणाच्या वाट्याचे होते. दोन तासांपुरताही हा प्रश्न पूर्णपणे टळत नाही. त्या दिवशी कोणत्या चारीची पाळी चालू होती, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. ती दुसऱ्या एखाद्या टेलच्याच गावाची असेल, तर त्यांच्याशी आधी बोलायला हवे होते. बोलला नसाल तर आता तरी जावे. कार्यालयाला चार निवेदने आणि शेजारच्या गावाला एकही शब्द नाही, असे झाले असेल तर ती आपली चूक आहे.

कायदेभंग केव्हा समर्थनीय ठरतो, याच्या रॉल्स यांनी तीन अटी सांगितल्या आहेत. अन्याय ठळक आणि गंभीर असावा, नेहमीचे वैध मार्ग प्रामाणिकपणे वापरून झालेले असावेत, आणि तितकीच न्याय्य तक्रार असलेल्या इतर गटांनीही त्याच वेळी तसेच केले तर सारी व्यवस्था कोलमडेल अशी स्थिती नसावी. दुसऱ्या अटीबाबत आपल्या पोचपावत्या बोलतात. पहिल्या अटीबाबत मात्र जाणकार वाचक मला अडवतील, कारण ठळक अन्याय म्हणजे मूलभूत स्वातंत्र्याचा किंवा संधीच्या समानतेचा भंग, असे रॉल्स मानतात. साधनसंपत्तीच्या वाटपातील अन्याय त्यांनी सहसा यातून बाजूला ठेवला आहे. वाटप न्याय्य आहे की नाही याबद्दल शहाण्या माणसांतही प्रामाणिक मतभेद असू शकतात, हे त्यांचे कारण. कारण चांगले आहे, पण ते येथे लागू पडत नाही, असे माझे मत आहे. पाणी कोणाला किती द्यावे याचा तात्त्विक वाद आपण घातलेला नाही. कार्यालयाने स्वतः ठरवून, स्वतः छापून, स्वतःच्या फलकावर लावलेली पाळी मिळाली नाही, एवढीच आपली तक्रार आहे, आणि ती तपासण्यासाठी तत्त्वज्ञान लागत नाही. फलक आणि कोरडी चारी पुरेशी आहे.

आता दुसरा प्रश्न. शिक्षा स्वीकारण्याची तयारी ही सविनय कायदेभंगाची खूण आहे, असे मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. त्याच्याही चार दशके आधी, १८ मार्च १९२२ रोजी, अहमदाबादच्या न्यायालयात राजद्रोहाच्या आरोपाखाली उभे असताना गांधीजींनी आरोप कबूल केला आणि न्यायाधीशांना सांगितले की हा कायदा आपल्याला वाईट वाटत असेल तर आपण राजीनामा द्या, आणि चांगला वाटत असेल तर मला कठोरात कठोर शिक्षा द्या. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. प्रत्येक सत्याग्रह्याने असेच केले पाहिजे, असे मात्र मी म्हणणार नाही. रोनाल्ड ड्वॉर्किन यांच्यासारख्या कायद्याच्या तत्त्वज्ञांनी उलट प्रश्न विचारला आहे : सदसद्विवेकाने वागणाऱ्या माणसाला शिक्षा करण्यापूर्वी शासनाने, खटला भरलाच पाहिजे का, याचा विचार करायला नको काय?

कृती स्वीकारणे आणि आरोप स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आम्ही दार उघडले’ असे सांगूनही ‘या कलमाखाली तो गुन्हा होत नाही’ किंवा ‘नुकसान झाले नाही, कुलूप भरून दिले आहे’ असा बचाव आपण सन्मानाने करू शकता. संविधानाच्या अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडानुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, त्यामुळे गप्प राहण्याचाही हक्क आपल्याला आहे आणि गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. परंतु ‘आम्ही तेथे नव्हतोच’ असे म्हटले की चार निवेदने, ती तारीख, ते नवे कुलूप, सारे मागच्या मागे पुसले जाते आणि आपण मोटार लावणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसता. मी वकील नाही. खटला कसा चालवावा हे एखाद्या जाणत्या वकिलाला विचारा, पण प्रथम त्यांना वडिलांचे वाक्य सांगा.

प्रश्न : मी लातूर येथे इतिहास शिकवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेतील शेवटच्या मोठ्या भाषणात सत्याग्रह आणि कायदेभंग यांना अराजकाचे व्याकरण म्हटले, हे वाचून वर्गातील एका मुलीने विचारले, ‘मॅडम, मग महाड चूक होते का?’ मी दिलेले उत्तर मलाच पुरेसे वाटले नाही.

उत्तर : त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्या भाषणाचा हा भाग फार वेळा अर्धाच उद्धृत केला जातो. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टांसाठी सनदशीर मार्ग उपलब्धच नव्हते, तेव्हा असनदशीर मार्गांना बरेच समर्थन होते. ते मार्ग खुले झाल्यावर तसे समर्थन उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणजे समर्थन सनदशीर मार्ग खुले असण्या-नसण्यावर अवलंबून आहे. मार्ग कागदावर खुला असणे पुरेसे आहे की तो चालून जाता आला पाहिजे, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो. त्याच भाषणात पुढे ते असेही सांगतात की २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करणार आहोत, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील. मुलांना हे दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून वाचायला द्यावेत.

महाडबद्दल तर आणखी सूक्ष्म गोष्ट आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला होता. मोडली ती रूढी. कायद्याने दिलेला हक्क बजावण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला, हीच त्या घटनेतील खरी टोचणारी बाब आहे. त्यानंतर डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेच्या वेळी तळ्यावर जाण्यास न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, तेव्हा जमलेल्या हजारो लोकांचा उत्साह शिगेला पोहोचलेला असतानाही बाबासाहेबांनी तो हुकूम न मोडण्याची बाजू घेतली. आपला झगडा स्पृश्यांच्या वर्चस्वाशी आहे. सरकार आणि न्यायालय यांना त्यांच्या बाजूला ढकलू नये, असा तो विचार होता. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये राज्य न्यायालयाचा मनाई हुकूम मोडला आणि त्यासाठीच ते तुरुंगात गेले. दोघांपैकी कोण बरोबर, असे वर्गाला विचारण्यापेक्षा, मनाई हुकूम पाळल्याने किंवा मोडल्याने कोण कोणाच्या बाजूला गेले असते, असे विचारून पाहा. तास अपुरा पडेल.

संविधान आल्यानंतरचे एक उदाहरण आपल्याच भागातले आहे. बाबासाहेबांचे निकटचे सहकारी आणि नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे एक प्रमुख नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली मराठवाड्यात आणि खानदेशात भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला आणि हजारो लोक तुरुंगात गेले. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्यांच्या नावे व्हावी, ही त्यातील मागणी होती. बाबासाहेबांचा इशारा ज्यांनी सर्वांत जवळून ऐकला होता त्यांनीच दहा वर्षांच्या आत हे केले. त्यांनी तो इशारा धुडकावला असे मला वाटत नाही. कागदावर खुले असलेले दार भूमिहीनाला बंदच दिसत होते, असे त्यांचे निदान होते.

कायद्याचे तत्त्वज्ञ जोसेफ रॅझ यांनी १९७९ साली मांडलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. राजकीय सहभागाचा हक्क ज्या राज्यात सर्वांना खरोखर मिळालेला आहे तेथे कायदेभंगाचा हक्क असू शकत नाही, असे ते म्हणतात. तरीही एखाद्या प्रसंगी कायदेभंग करणे योग्य असू शकते. हक्क नसतो तेव्हा उद्दिष्ट चुकीचे असेल तर आपल्याला संरक्षण नसते. उद्दिष्ट बरोबर आहे हे प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते. मला वाटते, बाबासाहेबांचा इशारा आणि दादासाहेबांची कृती या भेदात शेजारी शेजारी बसू शकतात.

प्रश्न : मी नांदेडचा, वय ८१. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सत्याग्रह आणि उमरीची बँक लूट, दोन्हींना आम्ही एकाच अभिमानाने आठवतो. पुस्तकी तत्त्वज्ञान यांपैकी कशाला मान्यता देते?

उत्तर : आपल्या वयाला आणि अभिमानाला नमस्कार करून सांगतो की या दोन कृतींना एकच नाव देऊ नये.

रॉल्स यांनी आपला सिद्धान्त जवळपास न्याय्य अशा लोकशाही समाजापुरता मांडला आहे. निजामाच्या संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ सारख्या फर्मानांमुळे परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. अशा ठिकाणी पुनर्विचाराची विनंती करायला बहुसंख्याकांचे व्यासपीठच नसते, त्यामुळे कायदा पाळण्याचे नैतिक बंधनही फार क्षीण होते. असे असूनही ऑक्टोबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने सत्याग्रहच केला. तुकड्या-तुकड्यांनी उघडपणे, नावे जाहीर करून, अटक होईल हे गृहीत धरून माणसे पुढे आली. स्वामी रामानंद तीर्थ त्यांतले एक. त्याच वर्षी औरंगाबादेत आणि उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह सोडला नाही, त्यांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना सामावून घेतले.

१९३८ च्या सत्याग्रहाची अखेर मला फार विचारात घेण्यासारखी वाटते. त्याच काळात आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही संस्थानात सत्याग्रह चालू होते. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी आणि धार्मिक हक्कांची मागणी यांची सरमिसळ होऊन सारी चळवळ सांप्रदायिक म्हणून रंगवली जाऊ लागली, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. पहिल्या उत्तरात सांगितलेली रॉल्स यांची तिसरी अट, म्हणजे इतर गटही त्याच वेळी रस्त्यावर असतील तर आपण काय करावे ही अट, बहुतेक विद्यार्थ्यांना कोरडी वाटते. मी वर्गात ती शिकवताना हैदराबादचे हे उदाहरण देत असे. आपले बोलणे दुसऱ्याच्या आवाजात मिसळून भलतेच ऐकू जाऊ लागले तर काही काळ थांबावे लागते, आणि तुरुंगात गेलेल्या माणसांना ते सांगणे सोपे नसते.

जानेवारी १९४८ मधील उमरीची बँक लूट ही सीमेवरच्या सशस्त्र लढ्यासाठी पैसा उभारण्याची कृती होती. रझाकारांचे अत्याचार टिपेला पोहोचलेले असताना ती घडली आणि तिचे नैतिक समर्थन करता येते, असे मीही मानतो. परंतु ते समर्थन प्रतिकाराचे आहे, स्वसंरक्षणाचे आहे. सविनय कायदेभंगाचे नव्हे. तत्त्वज्ञ कँडिस डेल्मास यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे आग्रहाने मांडले आहे की सविनय नसलेला प्रतिकारही कधी कधी योग्य, किंबहुना कर्तव्य असतो, आणि त्याला मान्यता मिळवून देण्यासाठी ओढूनताणून ‘सविनय’ म्हणण्याचे कारण नाही. उमरीला तिचेच नाव राहू द्यावे.

प्रश्न : महामार्गावरच्या रास्ता रोकोत माझी आई अडीच तास जीपमध्ये अडकली. तिला डायलिसिससाठी बीडला न्यायचे होते. आंदोलनाची मागणी मला शंभर टक्के मान्य आहे. तरीही मी त्यांना माफ करू शकत नाही. मी चुकतो आहे का?

उत्तर : नाही. मागणी न्याय्य असणे आणि साधन न्याय्य असणे यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो, आणि आपण तोच ठेवला आहे. इतरांच्या नागरी स्वातंत्र्यात अडथळा आला की कायदेभंगाचे सविनयपण झाकोळते, असे रॉल्स म्हणतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ७ ऑक्टोबर २०२० च्या निकालात असहमतीचा हक्क मान्य करून सार्वजनिक रस्ते अनिश्चित काळ अडवून धरता येत नाहीत, असे सांगितले आहे.

दुसरी बाजूही आहे. कोणालाच जराही त्रास होणार नाही असे आंदोलन बहुधा कोणी ऐकतही नाही, आणि ज्यांच्याकडे वर्तमानपत्र नाही, आमदार नाही, वकील नाही, त्यांच्या हातात रस्ताच उरतो. त्रास देणे आणि इजा करणे यांत रेषा ओढावी लागते, ती येथेच. आपल्याकडे ‘रुग्णवाहिका सोडली जाईल’ अशी घोषणा करून आयोजक मोकळे होतात. मराठवाड्यातला रुग्ण रुग्णवाहिकेतून किती वेळा जातो? तो जातो जीपमध्ये, टमटममध्ये, मुलाच्या मोटारसायकलवर. प्रत्येक वाहनाच्या खिडकीशी जाऊन ‘कोणी आजारी आहे का?’ असे विचारणारी चार माणसे ज्यांनी नेमली नाहीत, त्यांनी तयारी अपुरी केली, एवढे मी खात्रीने म्हणेन. माफ करायचे की नाही, ते आपण आणि आपल्या आईने ठरवावे.

प्रश्न : जालना जिल्ह्यात आम्ही पुष्कळ जण चोरबीटी लावतो. २०१९ साली विदर्भात शेतकऱ्यांनी हेच मान्यता नसलेले कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला होता. मग आम्हीही सत्याग्रहीच म्हणायचे ना?

उत्तर : नावातच ‘चोर’ आहे, याकडे आपले लक्ष वेधतो. अकोला जिल्ह्यात ज्यांनी पेरणी केली त्यांनी लोकांना आणि पत्रकारांना बोलावून केली, बंदी का चुकीची आहे हे सांगितले आणि गुन्हे अंगावर घेतले. आपण पाकीट बिनपावतीने घेता, रात्री आणता आणि कृषी विभागाचे कोणी आले की वेगळ्याच वाणाचे नाव सांगता. तणनाशकाला दाद न देणाऱ्या त्या बियाण्याचे फायदे-तोटे हा स्वतंत्र विषय आहे आणि खुरपणीच्या मजुरीचा भार मला कळतो, पण सत्याग्रह आणि सोय या निराळ्या गोष्टी आहेत. एक सावधगिरीची सूचना : बिनपावतीचे बियाणे उगवले नाही, तर तक्रार घेऊन जायला आपल्यासाठी कोणतेच दार उरत नाही.

दुरुस्ती : उदगीरच्या एका वाचकांनी गेल्या अंकातील माझी चूक दाखवून दिली आहे. थोरो यांनी १८४९ साली ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ हा निबंध प्रसिद्ध केला, असे मी लिहिले होते. निबंध १८४९ चाच, पण त्या वेळी त्याचे शीर्षक ‘रेझिस्टन्स टू सिव्हिल गव्हर्नमेंट’, म्हणजे नागरी शासनाला प्रतिकार, असे होते. आज प्रसिद्ध असलेले नाव १८६६ साली, थोरो यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, त्या निबंधाला मिळाले. वाचकांचे म्हणणे बरोबर आहे आणि मी त्यांचा आभारी आहे. त्यांनी असेही विचारले आहे की गांधीजींनी सत्याग्रह थोरोंकडून घेतला हे खरे का. गांधीजींनी १९३५ साली एका पत्रात हे स्वतःच नाकारले आहे. थोरोंचा निबंध हाती पडण्यापूर्वीच दक्षिण आफ्रिकेतील प्रतिकार बराच पुढे गेला होता, असे त्यांनी लिहिले.

या चुकीच्या निमित्ताने भाषेची एक गंमत लक्षात आली. मूळ शीर्षकातील ‘सिव्हिल’ हे विशेषण शासनाचे होते, प्रतिकाराचे नव्हते. पुढे ते शासनावरून उठून कायदेभंगाला चिकटले, आणि इंग्रजीत त्याचे ‘नागरिकाचा’ आणि ‘सभ्य’ असे दोन्ही अर्थ होत असल्याने तेथे ते दोन्ही अर्थांनी वाचले जाते. मराठीत येताना आपण ‘सविनय’ हा शब्द निवडला आणि नागरिक मागे राहिला. परभणीच्या त्या सात जणांचे पत्र वाचताना मला तो मागे राहिलेला शब्द सारखा आठवत होता.